ईमेलला उत्तर का येत नाही: उन्हाळी संशोधन इंटर्नशिप, प्रयोगशाळेच्या आतल्या बाजूने

प्रश्न असा आहे: बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात संशोधन असं काही होत नाही. उन्हाळ्यात एखाद्या चांगल्या संस्थेत प्रोजेक्ट करावा म्हणून ढिगाने ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. आता एक कंपनी पैसे भरले तर ऑनलाइन 'रिसर्च इंटर्नशिप' आणि सर्टिफिकेट देते म्हणतेय, ते घ्यावं का? आणि पीएच.डी. करायची हे काही ठरलेलं नाही. मग या सगळ्याचा उपयोग काय?

मी स्वतः मातीतल्या जिवाणूंवर काम करते आणि बरीच वर्षं उन्हाळ्यात विद्यार्थी घेत आले आहे. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं तेच सांगते.

आठ आठवड्यांसाठी आलेला विद्यार्थी हा प्रयोगशाळेसाठी तोट्याचा व्यवहार असतो. हे कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, पण बाकी सगळं यातूनच उलगडतं. हिशोब बघ. पहिले दोन आठवडे पिपेट नीट धरणं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं, कुठली बाटली कुठल्या फ्रीजमध्ये असते हे समजणं यात जातात. शेवटचा आठवडा रिपोर्ट आणि प्रेझेंटेशनचा. मधल्या पाचांतले दोन तरी माध्यमात (जिवाणू वाढवायच्या खाद्यात) बुरशी आली, प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे त्याचे छोटे तुकडे) वेळेवर आले नाहीत, यंत्र बंद पडलं, अशा कारणांनी हातचे जातात. उरले तीन. आणि या सगळ्या काळात माझी एखादी पीएच.डी.ची विद्यार्थिनी स्वतःचं काम बाजूला ठेवून रोज तास-दोन तास त्या मुलामागे असते. एवढ्या वेळात तिने ते काम एकटीने केलं असतं तर लवकर झालं असतं.

तरीही आम्ही घेतो. काही जण पुढे पीएच.डी.ला परत येतात, शिकवताना आमच्या विद्यार्थ्यांचं स्वतःचं पक्कं होतं, आणि आम्हालाही कुणीतरी असंच आत घेतलं होतं. पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात घ्यायची पद्धत एमआयटीने १९६९ मध्ये 'यूरॉप' या कार्यक्रमातून रीतसर सुरू केली. त्यातही मदतनीस मिळवणं हा हेतू नव्हता, शिकवणं हा होता. म्हणून 'मी आपल्या संशोधनाला हातभार लावू इच्छिते' या वाक्याचा कुणावर काही परिणाम होत नाही. तुझा ईमेल उघडणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: या मुलीवर वेळ घालवला तर तो वाया तर जाणार नाही ना? हुशारी, टक्केवारी, कॉलेजचं नाव हे सगळं त्यानंतर.

आता तुझे ईमेल या नजरेने वाच. तू पाठवलेला नमुना मी पाहिलेला नाही, पण मला येणारे ईमेल सांगते. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. मी बाई आहे हे संस्थेच्या पानावर फोटोसकट दिसतं. पुढे 'आपल्या नामांकित संस्थेतील जीवशास्त्रातील आपल्या मोलाच्या कार्याने मी अत्यंत प्रभावित झाले आहे.' मग आपण किती मेहनती, जिज्ञासू आणि ध्येयवादी आहोत याचा परिच्छेद. हल्ली हे परिच्छेद एआयकडून लिहून घेतलेले असतात. व्याकरण सुधारलं, पण एकाच आठवड्यात चार वेगवेगळ्या गावांतून शब्दन् शब्द तोच मजकूर येतो. अशा ईमेलमध्ये माझं नाव काढून दुसऱ्या कुणाचं घातलं तरी काही बिघडत नाही. तोच त्याचा दोष. हा मजकूर दोनशे जणांना गेलाय हे लगेच कळतं, आणि दोनशे जणांना गेलेल्या ईमेलला उत्तर द्यायची जबाबदारी कुणालाच आपली वाटत नाही.

याउलट एका ईमेलला मी त्याच दिवशी उत्तर दिलं होतं. मजकूर साधारण असा होता:

'मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फॉस्फेट विरघळवणाऱ्या जिवाणूंवरचा तुमच्या गटाचा लेख वाचला. आम्ही प्रॅक्टिकलमध्ये पिकोव्हस्काया माध्यमावर मातीच्या चार नमुन्यांतून जिवाणू वाढवले. दोन वसाहतींभोवती पारदर्शक वलय आलं. पण तेच जिवाणू नव्या प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवले तेव्हा एकाचं वलय दिसेनासं झालं. आमच्या सरांनाही नेमकं कारण सांगता आलं नाही. तुमच्या लेखात वलय न येणारे जिवाणूही द्रव माध्यमात तपासले आहेत, ते याच कारणासाठी का? उन्हाळ्यात तुमच्याकडे सहा ते आठ आठवडे काम करता येईल का? विद्यापीठाची परीक्षा २० मेपर्यंत आहे, त्यानंतर मी पूर्णवेळ येऊ शकते. गुणपत्रक आणि एक पानी माहिती सोबत जोडली आहे.'

यात मोठं काही नाही. पिकोव्हस्काया माध्यम कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात असतं. त्यातल्या न विरघळणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटमुळे प्लेट दुधाळ दिसते, आणि जिवाणूने आम्ल सोडलं की त्याच्याभोवती ती स्वच्छ होते. पुन्हा पुन्हा वाढवताना काही जिवाणूंची ही क्षमता कमी होते, आणि वलय न दाखवणारे काही जिवाणू द्रव माध्यमात चांगलं फॉस्फेट विरघळवतात, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. पण या मुलीने ते स्वतःच्या प्लेटवर पाहिलं होतं. पाहून सोडून न देता दुसऱ्यांदा करून बघितलं, आणि मग माझा लेख उघडून त्यातली नेमकी पद्धत शोधली. तिच्यावर घालवलेला वेळ वाया जाणार नाही हे मला तेवढ्यात कळलं. टक्केवारी पासष्टच्या आसपास होती. ती मी बघितली ती मुलाखतीच्या दिवशी.

तेव्हा शंभर ईमेल पाठवू नकोस. दहा-बारा पाठव, पण प्रत्येकासाठी एक संध्याकाळ दे. त्या गटाचा अलीकडचा एक लेख घे. सगळा समजणार नाही, समजायची गरजही नाही. आधी सारांश आणि आकृत्या बघ, मग पद्धतींचा भाग वाच, कारण पदवीच्या विद्यार्थ्याला सगळ्यात ओळखीचं तिथेच सापडतं. प्रस्तावना शेवटी. ईमेल दहा-बारा ओळींपलीकडे नको. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच, त्याच साखळीत, दोन ओळींची आठवण कर. तरीही काही आलं नाही तर तो विषय सोड आणि मनाला लावून घेऊ नकोस. बरेचदा माणूस प्रवासात असतो किंवा त्याच्याकडे बसायला खुर्चीच शिल्लक नसते.

आणखी एक. सगळे जण संस्थेतल्या सर्वांत नावाजलेल्या शास्त्रज्ञाला लिहितात. त्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या प्राध्यापकांना लिही. त्यांची प्रयोगशाळा नुकती उभी राहत असते, माणसं कमी असतात, आणि ते स्वतः तुझ्या शेजारी उभे राहून शिकवतात. मोठ्या गटात संचालक शेवटच्या दिवशी सही करायला भेटतील.

ईमेल हा एक रस्ता. दुसरा म्हणजे रीतसर कार्यक्रम, आणि तुझ्या कॉलेजात संशोधन होत नसेल तर तुझ्यासाठी तोच जास्त न्याय्य आहे, कारण तिथे ओळखपाळख लागत नाही. सर्वांत मोठा कार्यक्रम तीन विज्ञान अकादमींचा: बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून तो चालवतात. (नावांचा घोळ होतो, 'आयएएस–इन्सा–नासी' असं शोध.) दोन महिन्यांचं काम, विद्यावेतन मिळतं, आणि देशभरातल्या मार्गदर्शकांच्या यादीतून पसंती देता येते. अर्जात गुणांबरोबर एक छोटं टिपण असतं, काय करायचं आहे आणि का. मुलं ते टिपण अर्ध्या तासात उरकतात. अर्जाचा जीव खरं तर तिथेच असतो. वर दिलेल्या ईमेलचाच मजकूर थोडा वाढवला की ते तयार होईल.

बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची उन्हाळी फेलोशिप आहे, मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) 'व्हीएसआरपी' हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे. तिथे पात्रतेची अट विषयागणिक बदलते, ती आधी वाच. खगोलशास्त्रवाल्यांसाठी पुण्याच्या आयुकामधला सुट्टीतला कार्यक्रम. गणितवाल्यांसाठी १९९३ पासून चालणारं 'एमटीटीएस' शिबिर. तिथे प्रयोग नाही, नवं प्रमेयही नाही, पण चार आठवडे सिद्धता स्वतः लिहायला लावतात, आणि पदवीच्या गणितात सगळ्यात कमी होणारं काम तेच. टीआयएफआरच्याच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. तो पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे आणि एका उन्हाळ्यात संपत नाही. परदेशातलं बघायचं असेल तर कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक हा संशोधन इंटर्नशिपचा कार्यक्रम बारा आठवड्यांचा आहे, आणि जर्मनीसाठी डाड या तिथल्या शैक्षणिक विनिमय संस्थेची 'वाइज' शिष्यवृत्ती. दुसरीत तिथला मार्गदर्शक आपणच गाठायचा असतो, म्हणजे पुन्हा ईमेल. अमेरिकेतल्या 'आरईयू' या पदवीच्या मुलांसाठीच्या संशोधन कार्यक्रमांच्या जाहिराती दिसतील, पण त्यांचा निधी मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी असतो, तिथे फार वेळ घालवू नकोस.

आता 'कॉलेजात संशोधन होत नाही' हा मुद्दा. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते आणि अर्धंच मानते. उपकरणं नसतात, हे खरं. पण तुझ्या विभागात ऑटोक्लेव्ह आहे, इनक्युबेटर आहे, सूक्ष्मदर्शक आहे, आणि माती सगळीकडे आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये 'अपेक्षित निष्कर्ष' लिहायचा आणि पुढचं पान उलटायचं, ही सवय मोडली की संशोधन सुरू होतं. एकाच शेतातली माती पावसाआधी आणि पावसानंतर घेऊन तीच मोजणी तीन-तीन प्लेट लावून कर. तिन्ही प्लेटचे आकडे किती वेगळे येतात ते बघ. आपल्या हाताची चूक केवढी आणि मातीतला खरा फरक केवढा, हे ज्याला सांगता येतं तो मुलाखतीत बाकीच्यांच्या पुढे असतो. हेच काम 'आविष्कार'मध्ये मांड. विद्यापीठांच्या या संशोधन स्पर्धेत बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकासमोर उभं राहून बोलायची सवय होते.

लॅपटॉप आणि नेट असेल तर आणखी बरंच काही फुकट पडून आहे. जनुकांचे क्रम जेनबँक या खुल्या संग्रहात कुणालाही बघता येतात, ब्लास्ट (आपला क्रम त्यातल्या क्रमांशी जुळवून बघायचं साधन) चालवता येतं. भौतिकशास्त्रवाल्यांना गाया दुर्बिणीची ताऱ्यांची माहिती उपलब्ध आहे, पक्षी बघणाऱ्यांना ई-बर्डची, अर्थशास्त्रवाल्यांना राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ माहिती. सामाजिक शास्त्रांबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण माझे तिकडचे सहकारी म्हणतात की त्यांना मुलाखतींचं जसंच्या तसं लेखन करू शकणारा, मराठी कागदपत्रं आणि मोडी वाचू शकणारा विद्यार्थी मिळाला तर ते त्याला सोडत नाहीत. मोडी येत असेल तर अर्जात पहिल्या ओळीत लिहा.

आत गेल्यावर काय, हे कुणी विचारत नाही, पण मला त्याबद्दलच जास्त सांगायचं आहे. एका उन्हाळ्यात आमच्याकडे आलेली मुलगी जिवाणूंच्या १६एस जनुकाचं (जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचं) पीसीआर, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायचं काम, करत होती. नियंत्रण नळीत, म्हणजे जिच्यात डीएनए घातलाच नव्हता तिच्यात, जेलवर पट्टा आला. म्हणजे कुठूनतरी परका डीएनए शिरला होता. १६एसमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे: जिवाणू सगळीकडे असतात, आणि पीसीआरचं एन्झाइमसुद्धा जिवाणूतच तयार केलेलं असतं. असा पट्टा दिसला की पुष्कळ मुलं फोटो कापून फक्त आपले नमुने दाखवतात, किंवा गुपचूप पुन्हा चालवतात. तिने जेलचा अख्खा फोटो वहीत चिकटवला. खाली तारीख, पाण्याची कुठली नळी, ती कधी उघडली, एन्झाइमचा बॅच क्रमांक, कुठल्या टेबलावर मिश्रण केलं, सगळं लिहिलं आणि मग शेजारच्या ताईला हाक मारली. दोघींनी एकेक घटक नवा घेऊन पाच नळ्या लावल्या. पाणी बदललेल्या नळीत पट्टा गेला. वहीत बघितलं तर ती पाण्याची नळी जिवाणूंच्या प्लेट हाताळायच्या टेबलावर उघडलेली होती. दोन दिवसांत उलगडा झाला. वही नसती तर पंधरा दिवस सगळे एकमेकांवर संशय घेत बसले असते.

तिला पुढे एम.एस्सी.साठी शिफारसपत्र हवं होतं, तेव्हा मी हाच प्रसंग लिहिला. 'मेहनती आणि हुशार' हे शब्द प्रत्येक पत्रात असतात, निवड समिती ते वाचतही नाही. एखादा प्रसंग असेल तर वाचते. म्हणून सर्टिफिकेटपेक्षा शिफारसपत्र मोलाचं, आणि ते ज्या प्रसंगांतून तयार होतं ते रोजच्या वहीत. पत्र मागताना मार्गदर्शकाला निदान तीन आठवडे आधी सांग, आणि आपण काय केलं याची अर्ध्या पानाची यादी सोबत पाठव, आम्ही विसरतो.

शोधनिबंधात नाव येईल का, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारू नकोस. आठ आठवड्यांत निबंध होईल एवढं काम क्वचितच होतं. तुझा आकडा किंवा आकृती पुढे वापरली गेली तर नाव येतं, नाहीतर आभारात येतं. 'तुझा रिपोर्ट आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापू, एवढी फी भर' असे ईमेल येऊ लागतील. त्यात छापलेलं पुढे लपवावं लागतं.

तेच त्या कंपनीबद्दल. घेऊ नकोस. काही चांगल्या संस्था वसतिगृहाचं, मेसचं, कधी रसायनांच्या खर्चाचं शुल्क घेतात, त्यात गैर नाही. पण तिथे आधी निवड होते, मार्गदर्शक कोण हे माहीत असतं, आणि एक नेमका प्रश्न ठरलेला असतो. पैसे भरणारा प्रत्येक जण जिथे निवडला जातो आणि मार्गदर्शकाचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, तिथलं सर्टिफिकेट बघून मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, 'तुम्ही नेमकं काय केलंत?' आणि उत्तर नसतं. विनावेतन काम मात्र वेगळी गोष्ट. विद्यावेतन नाही म्हणून चांगला मार्गदर्शक सोडू नये असं म्हणायला मला सोपं आहे. दोन महिने परक्या शहरात राहायचा खर्च घरावर येतो. तेव्हा 'विद्यावेतन किंवा राहण्याची सोय आहे का' हे निवड झाल्यावर सरळ विचार. कुणी त्यावरून यादीतून नाव काढून टाकत नाही. जमणारं नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या विभागात, घरून ये-जा करून काम कर.

पीएच.डी. करायची नसेल तर? तरी जा, पण मग फक्त संशोधन संस्थाच बघू नकोस. औषध किंवा अन्न कंपनीची गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांसाठी खरा रोजगार आहे. तिथे इंटर्नला उत्पादनाच्या नमुन्याला हात लावू देणार नाहीत, महिनाभर कार्यपद्धतीची कागदपत्रं आणि नोंदवह्याच दिसतील. कंटाळवाणं वाटेल. पण त्या क्षेत्राचा कणा तोच आहे; तिथे जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरतात. नव्या अभ्यासक्रमात कॉलेजला 'ओजेटी' (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आणि 'फील्ड प्रोजेक्ट'चे श्रेयांक द्यायचेच असतात, त्यामुळे असं काम त्यात बसवून घेता येतं. आधी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घे. आणि चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचा विचार असेल तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे, हे आत्ताच माहीत असू दे. सहावं सत्र संपल्यावर कळून उपयोग नाही. उन्हाळ्यात दोन महिने काम करून 'हे आपल्याला जमणार नाही, आवडतही नाही' असं ठरवून गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे दोन महिने वाया गेले असं मला वाटत नाही, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी तेच कळणं फार महाग पडतं.

शेवटी वेळापत्रक, कारण निम्मी मुलं इथेच मागे पडतात. उन्हाळा मे महिन्यात सुरू होतो, पण अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून. मायटॅक्सची मुदत सर्वसाधारणपणे सप्टेंबरपर्यंत, अकादमींचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, टीआयएफआरचे जानेवारी-फेब्रुवारीत. तारखा दरवर्षी सरकतात, संस्थेच्या संकेतस्थळावरच बघ. व्यक्तिगत ईमेल नोव्हेंबर ते जानेवारीत. मार्चमध्ये लिहिलंस तर जागा भरलेल्या असतात. आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा मे-जूनपर्यंत लांबतात आणि उन्हाळी कार्यक्रम मेच्या मध्यातच सुरू होतात, हा महाराष्ट्रातल्या मुलांचा कायमचा घोळ आहे. निवड झाल्यावर 'मी तीन आठवडे उशिरा येते' म्हणण्यापेक्षा पहिल्याच ईमेलमध्ये तारीख लिही. आधी सांगितलं तर बहुतेक जण सामावून घेतात. आणि कॉलेजचं ना-हरकत पत्र जवळजवळ सगळीकडे लागतं. परीक्षेच्या गडबडीत प्राचार्यांची सही मिळत नाही, ते जानेवारीतच घेऊन ठेव.